माहेरचं लाल पाणी

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे निघालेली माणसं बहुधा गोव्याच्या घाईत असतात. जांबोटीपासून १६ किलोमीटरवर कणकुंबी लागते, माऊलीच्या देवळाला गाडीतूनच हात जोडले जातात, एखादा चहा होतो आणि गाडी घाटाला लागते. मलप्रभा उगम पावते ती इथे, सुमारे ७९२ मीटर उंचीवर. पुढे ३०४ किलोमीटर वाहून ती कुडलसंगमला कृष्णेला मिळते, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेलं आहे. अलीकडे इथे कळसा कालव्याची खोदाईही दिसते. त्या पाण्याचा वाद आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

माझ्या आज्जीचं माहेर या उगमाकडचं आणि सासर याच नदीवर, पार खाली रामदुर्गला. तिची जन्मतारीख कुठे लिहिलेली नव्हती. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेस भरली तेव्हा मी पाळण्यात होते, एवढं ती सांगे. म्हणजे १९२४. लग्न झालं ते रामदुर्गच्या १९३९च्या उठावाच्या पुढल्या वर्षी. आजोबा भावे घराण्याच्या त्या छोट्या संस्थानात कारकून होते. दरबारी कागद मराठीत, पण घरात सासूबाई, शेजारी आणि बाजार सगळं कानडी. आज्जीला तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता.

पहिल्याच आषाढात गल्लीतली पोरं ‘होळी बंत, होळी बंत’ म्हणून ओरडत धावली. ही बिचारी विचारात पडली, पावसाळ्यात कसली होळी? सासूबाईंनी हाताला धरून घाटावर नेलं. बघते तो नदी दुथडी भरलेली. होळी म्हणजे नदी! (‘हत्ती’ म्हणजे कापूस, हा धक्का तिला पुढच्या सुगीत बसला.)

पण खरं नवल तिला वाटलं ते पाण्याच्या रंगाचं. रामदुर्गला आभाळ कोरडं, रानात काळ्या मातीच्या भेगा तशाच, आणि नदीला मात्र तांबडंलाल पाणी. जांबोटी-कणकुंबीची माती लाल, ती या पाण्यात आलेली. तवरमनीला पाऊस लागला, हे तिला पत्राशिवाय कळू लागलं. आता चिखलणी झाली असेल, आता तरवा लावत असतील, असा हिशेब ती ज्वारीची भाकरी थापता थापता मांडत असे. पत्रं वर्षाला एखाद-दुसरं, माहेरी जाणं तीन-चार वर्षांतून एकदा. बाकी सगळा निरोप नदीचा.

सत्तरच्या दशकात वर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला धरण झालं. शेतीला पाणी आलं, आमच्याच घराची चार एकर भिजली, त्याबद्दल आज्जीची तक्रार नव्हती. पण गाळ धरणात बसू लागला आणि नदीला पाणी येई ते दारं उघडतील तेव्हा. मी लहानपणी सुट्टीला जायचो तेव्हा ती घाटावर पाणी बघून म्हणायची, “हे काय माहेरचं नव्हे रे. इंजिनिअरचं.”

सरकारं तिच्या दारावरून किती गेली! संस्थान १९४८मध्ये मुंबई राज्यात गेलं, १९५६ला म्हैसूर आलं, १९७३ला त्याचं कर्नाटक झालं. घर तेच, चूल तीच. एकदा गणतीला आलेल्या मास्तरांनी मातृभाषा विचारली. ही कानडीत म्हणाली, “आई मराठीची, सासू कानडीची. तुम्हाला कुठली पाहिजे ती लिहा.” मास्तर बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी काय लिहिलं, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

ती गेली २०१६च्या श्रावणात. सत्तरेक वर्षं कानडीत संसार केलेली ही बाई शेवटचे आठ-दहा दिवस फक्त मराठी बोलत होती, तेही खानापूरकडचं. उशाशी बसणाऱ्या शेजारणींना काही कळेना आणि त्या काकांकडे बघत राहत. एका दुपारी तिने विचारलं, “पाणी लाल आलं काय रे?” त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, धरणातच पाणी नव्हतं. घाटाखाली नुसती वाळू आणि बाभळी. काका म्हणाले, “आलं अव्वा. होळी बंत.” जन्मात खोटं न बोललेला माणूस! मला ते आजही बरोबरच वाटतं.

नदीच कोरडी, मग अस्थी कुठे सोडायच्या? कुडलसंगमला न्यायच्या ठरल्या. कणकुंबीला निघालेली ती अखेर संगमापर्यंत पोहोचली, असं कुणीतरी गाडीत म्हणालं. काकू मात्र वाटभर खिडकीतून कोरडं पात्रच बघत होत्या.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९मध्ये, धरणाची दारं उघडली आणि रामदुर्गच्या सखल भागात पाणी शिरलं. आमच्या घरात ते कमरेइतकं होतं. नंतर सगळ्या घराला चुना दिला, फक्त आज्जीच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत काकूंनी तशीच ठेवली आहे. कमरेच्या उंचीवर तिथे एक रेघ आहे, तांबूस.