वाईचे वाडे आणि घराची राखण

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खंबाटकीचा घाट ओलांडला, कीं थोड्याच वेळांत सुरूरचा फाटा लागतो. तेथें उजव्या हातास वळलें म्हणजे वाई दूर नाहीं. येथें येणारे बहुतेक प्रवासी १७६२ सालीं रास्त्यांनीं बांधलेल्या देवळांत ढोल्या गणपतीचें दर्शन घेतात, कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसतात आणि पसरणीच्या घाटानें पांचगणीची वाट धरतात. त्या देवळाचें व घाटाचें वर्णन वाचकांनीं अनेकदां वाचलें असेल, म्हणून तें येथें करीत नाहीं. मला आज वाचकांना नदीकडे पाठ करावयास लावून मधल्या आळींत, गंगापुरींत, ब्राह्मणशाहींत न्यावयाचें आहे आणि तेथील जुन्या वाड्यांच्या दारांपाशीं उभें करावयाचें आहे. चोरापासून आपलें घर कसें राखावें, या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनीं जें उत्तर दिलें, तें या गांवांत लाकडांत, दगडांत आणि चुन्यांत अजून वाचावयास मिळतें.

प्रथम दिंडी पाहावी. वाड्याचा मोठा दरवाजा लग्नकार्याला, पालखीला किंवा धान्याच्या गाड्या आल्या तरच उघडावयाचा. रोजची ये-जा त्याच्याच एका फळींत कापलेल्या लहान दिंडीनें. दिंडीचा उंबरा उंच आणि वरची चौकट बुटकी, त्यामुळें आंत येणाऱ्यास पाय उचलून व मान लववून यावें लागतें. यांत नम्रतेचा उपदेश आहे असें कोणी सांगतात. असेलहि, पण मला त्यांतला व्यवहार अधिक दिसतो. वाकलेल्या माणसाचें डोकें प्रथम आंत येतें, हात चौकटीला धरलेले असतात, आणि देवडीवर बसलेल्यास तो आधीं दिसतो. त्याला मात्र देवडीवरचा माणूस मान वर केल्याखेरीज दिसत नाहीं. शिवाय एका वेळीं एकच मनुष्य आंत येऊं शकतो. दहा जणांची टोळी आली तरी तिला तेथें एकेकट्यानेंच यावें लागणार.

देवडी ओलांडली कीं चौक, चौकाच्या चोहों बाजूंस ओसरी, मग सोपा, त्यामागें माजघर आणि अगदीं आंत देवघर व कोठीची खोली. परका मनुष्य जसजसा आंत जाईल, तसतसा तो अधिकाधिक डोळ्यांपुढून जाईल, अशी ही मांडणी आहे. ओसरीवर वडीलधारे, सोप्यावर पाठ म्हणणारीं मुलें, माजघरांत बायका, चौकांत धुणें. रस्त्याच्या बाजूस खिडक्या थोड्या, त्याहि उंचावर व गज बसविलेल्या. खालीं घडीव दगडाचें जोतें आणि वर हात-दोन हात रुंदीची भिंत. अशा भिंतींत जीं पोकळ बळदें ठेवीत, त्यांत धान्य असे, आणि कांहींत दुसरेंहि कांहीं असे. बळदाचें तोंड कोठें आहे हें सुनेला सासूकडून कळावयाचें, तेंहि बऱ्याच वर्षांनीं.

जोत्याला एवढा दगड कां, हें समजण्यास संस्कृत नाटकाकडे वळावें लागतें. ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घरीं चोरी करतो, ती एखाद्या शास्त्र्यानें शास्त्रार्थ करावा तशी. सूर्याला रोज अर्घ्य देऊन देऊन भिंत कोठें ओलसर झाली आहे, उंदरांनीं माती कोठें उकरली आहे, हें तो हातानें चांचपून पाहतो. भिंतीस पाडावयाच्या भगदाडाचे सात आकार त्याला ठाऊक आहेत. भिंत भाजक्या विटांची आहे हें पाहून त्यांपैकीं पूर्णकुंभ तो पसंत करतो. मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यांतल्या जानव्यानें मोजमाप घेतो. दार करकरूं नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. आपल्या भाषेंत ‘घरफोडी’ हा शब्द आला तो अक्षरशः असें घर फोडण्यावरूनच. १८६० च्या दंडसंहितेनें घरफोडीचे सहा मार्ग गणले. शर्विलकानें आपल्या सात आकारांपुढें तें गणित किरकोळ ठरविलें असतें. परंतु या अंकांतली माझ्या मतें सर्वांत मोठी गोष्ट भगदाडाची नव्हे. दागिन्यांचा डबा शर्विलकाला कोणी दिला? झोपेंत बरळणाऱ्या मैत्रेयानें, आपण होऊन! भिंत कितीहि चांगली असो, तिच्या आंतला मनुष्य निजलेला असला, तर डबा जातो. शाळेंत हा प्रवेश शिकवितांना मुलें येथें हसत. गृहस्थानें मात्र येथें थोडें थांबावें.

आतां अडण्याकडे येतों. अडणा म्हणजे मांडीएवढा जाड, चौकोनी सागवानी वासा. दाराच्या एका बाजूच्या भिंतींत त्याच्यासाठीं खोल पोकळी असते. दिवसां तो तींत सरकून बसतो, रात्रीं बाहेर ओढून दुसऱ्या बाजूच्या खांचेंत घालावयाचा. एकदां तो पडला, कीं बाहेरून धक्का देणाऱ्याला दोन्ही भिंती पाडाव्या लागतील. त्याला किल्ली नाहीं, म्हणून त्याची किल्ली चोरतां येत नाहीं. १८९७ सालीं अर्देशिर गोदरेज यांनीं मुंबईंत कुलुपांचा कारखाना काढला आणि पुढें घरोघरीं भक्कम कुलुपें आलीं. तरी वाड्याच्या मोठ्या दाराचा रक्षक अडणाच राहिला.

पण अडण्याची एक अट आहे व ती या सर्व वाड्यांच्या रचनेची अट आहे: तो आंतूनच घालतां येतो. म्हणजे घर राखावयाचें तर घरांत कोणी तरी असलें पाहिजे. सारें कुटुंब यात्रेला निघालें, तर शेवटला मनुष्य अडणा घालून परसदारानें बाहेर पडणार व तेथें बाहेरून कडीला कुलूप लावणार. अर्थात् रस्त्यावरच्या लोकांना दिसणारें दार अभेद्य राहतें आणि विहिरीमागच्या अंधारांतलें दार एका कोयंड्यावर लटकतें. बांधणारांना ही उणीव कळत नव्हती असें नाहीं. अख्खें घर रिकामें पडेल अशी कल्पनाच त्यांनीं केली नव्हती.

घराबाहेरची राखण गांवाची असे. रामोशी व जागल्ये रात्रीं गस्त घालीत. चोरी झालीच तर पावलांचा माग काढीत शेजारच्या गांवाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथल्या राखणदारांच्या स्वाधीन करीत. माग लागला नाहीं, तर भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर येई. पुढें १८७१ च्या कायद्यानें अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा देशांतून उठावयास १९५२ साल उजाडलें. मुलाच्या कपाळीं त्याच्या जन्माबरोबरच चोर हें नांव लिहिणाऱ्या कायद्याला काय म्हणावें? विश्वास आणि पहारा यांचा संबंध विचित्र आहे खरा. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा: हत्तीनें धडक देऊं नये म्हणून त्यावर अणकुचीदार खिळे आहेत. १७७३ च्या ऑगस्टांत नारायणराव पेशव्यांवर घाला आला, तो हत्तींचा नव्हे, पगारी गारद्यांचा.

वाईपासून कोसभर अंतरावर मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. सहा चौकांचा हा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं अवश्य पाहावा. नानांसारख्या सावध पुरुषाचें घर म्हणून मी तो नेहमीं निराळ्या दृष्टीनें पाहतों. त्यांनीं येथें सांभाळून ठेवलेले कागद ‘मेणवली दप्तर’ या नांवानें इतिहाससंशोधकांच्या परिचयाचे आहेत. म्हणजे या वाड्यानें सोन्याहून मोलाची वस्तु राखली. घाटावरच्या देवळापाशीं १७३९ च्या वसईच्या मोहिमेंतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिला तिचें वजनच राखतें!

परत वाईंत आलों, कीं आळींतून चालतांना कुलुपें मोजण्याची मला खोड लागली आहे. कांहीं वाडे पाडून तेथें इमारती उठल्या. कांहीं उभे आहेत, पण वर्षांतले अकरा महिने बंद. अशा बंद वाड्यांत जुन्या रचनेचा प्रत्येक गुण उलटा फिरतो. रुंद भिंती आंतला आवाज रस्त्यावर येऊं देत नाहींत, चौकांतला उजेड बाहेर दिसत नाहीं. पूर्वीं जी भिंत चोराला बाहेर ठेवी, तीच आतां त्याला आंत झांकून ठेवते.

माझ्या मावसबहिणीच्या सासरच्या वाड्यांत हेंच घडलें. ती पुण्यास, एक मुलगा बंगळुरास, दुसरा परदेशांत. गणेशोत्सवांत व कृष्णाबाईच्या उत्सवांत वाडा उघडावयाचा, एरवीं बंद. मागच्या वर्षीं दिवाळीनंतर केव्हां तरी परसदाराचा कोयंडा उचकटला गेला. तांब्याचा बंब, घंगाळें, समया, देवघरांतलीं चांदीचीं उपकरणीं तर गेलींच. पण ओसरीच्या खांबांवरचें कोरीव लांकूडहि करवतीनें कापून नेलें होतें. करवतीचा आवाज शेजारीं कोणालाहि आला नाहीं. चौकांत चिवड्याचे कागद पडले होते. मंडळींनीं सवडीनें बसून फराळ केला असावा. बळद तेवढें त्यांना सांपडलें नाहीं. तींत रुमालांत बांधलेल्या पोथ्या होत्या, त्या जशाच्या तशा राहिल्या.

त्यानंतर घरांत जो खल झाला, तो अनेक घरांत होत असेल. धाकटा भाचा म्हणाला, वाडा विकून टाकावा. थोरल्यानें लोखंडी जाळ्या व कॅमेरे बसविले. त्यांतलें चित्र बंगळुरास त्याच्या हातांतल्या फोनवर दिसतें. माई म्हणाली, “दिसेल रे, पण तेथून ओरडून काय होणार? आणि अडणा कोण घालणार?” तेव्हां बिऱ्हाड ठेवण्याचा विषय निघाला, आणि लगेच जुनी भीति उभी राहिली, कीं बिऱ्हाडकरू एकदां आला म्हणजे जात नाहीं. ही भीति निराधार नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांनीं त्यापायीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. परंतु महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें असा करार लेखी असलाच पाहिजे व नोंदलाहि गेला पाहिजे असें ठरविलें आहे. तोंडी भरंवशावर खोल्या देण्याचे दिवस गेले. मीं तो मजकूर दोन्ही भाच्यांना वाचून दाखविला. धाकटा अजून कुरकुरतो.

अखेर गांवांतल्या शाळेंत शिकविणाऱ्या एका जोडप्यास पुढचा सोपा व दोन खोल्या अकरा महिन्यांच्या नोंदणी केलेल्या करारानें, नांवाला भाडें घेऊन, दिल्या. वैशाखांत तें जोडपें राहावयास आलें. अडणा भिंतींतल्या पोकळींत इतका घट्ट बसला होता कीं सुतार आणून तो तासून घ्यावा लागला. त्या रात्रीं दहाच्या सुमारास माईनें पुण्याहून फोन करून त्या बाईंना तो घालावयास सांगितला आणि स्वतः फोन कानाशीं धरून बसली. लांकडावर लांकूड आदळल्याचा आवाज झाला, तेव्हां ती म्हणाली, “हां, आतां नीज.”