मुकुटाची कमान

आमच्या डोंबिवलीत जुनी माणसं उल्हासनगरला निघाली की अजूनही ‘कॅम्पात चाललोय’ असंच सांगतात. कॅम्प म्हणजे कल्याणचा लष्करी तळ. दुसऱ्या महायुद्धात तो उभा राहिला, फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. नाव बदललं, तरी रिक्षावाल्याला आजही कॅम्पाचा नंबरच सांगावा लागतो.

माझा मावसभाऊ बांधकामांवर सेंट्रिंगची कामं घेतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यानंतर तो घरी आला आणि वर्तमानपत्राची पुडी माझ्या हातात ठेवत म्हणाला, “दादा, तुला जुन्या वस्तूंचं वेड आहे ना? बराक पाडली तिथल्या मातीत सापडलं.” पुडीत काळपट हिरवं, वाटाण्याएवढ्या कडीचं एक बटण होतं.

मी ते चिंचेच्या कोळाने घासलं. देवाची उपकरणी आमच्याकडे अशीच घासतात, पितळ म्हटलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. दहा मिनिटांत बटण लखलखलं. दोन प्राणी समोरासमोर उभे असल्यासारखं काहीतरी दिसलं, वर एक पुसट गोळा. तो गोळा मुकुट होता आणि बटणाचं सगळं वय त्या मुकुटातच होतं, हे मला कळलं तोवर तो घासून गेला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढची बटणं आली तेव्हा चिंच बंद. साध्या पाण्यात दोन दिवस भिजवायचं, मऊ ब्रशने माती सोडवायची, अक्षरांच्या खाचेत बांबूची काडी फिरवायची, बस. कल्याणच्या एका घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग घेतलं आणि वाचायला लागलो.

इंग्लंडमध्ये राहणारा माझा आतेभाऊ रविवारी शेतकऱ्याची परवानगी काढून मेटल डिटेक्टर घेऊन हिंडतो. त्याने मला पहिला धडा फोनवर दिला: “आधी मुकुटाची कमान बघ.” व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. १९०१ नंतर, राजांच्या काळात, त्या घुमटासारख्या गोल झाल्या. १९५२ नंतर एलिझाबेथ आली आणि कमानी पुन्हा दबल्या. त्यामुळे त्याच्याकडे दबका मुकुट मिळाला की व्हिक्टोरिया की एलिझाबेथ, हा घोळ होतो. आपल्याकडे तो घोळ जवळजवळ नाहीच. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या सैन्याच्या गणवेशावरून मुकुट गेला. कल्याणच्या मातीत दबका मुकुट निघाला तर तो बहुधा व्हिक्टोरियाचाच. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या शेतातलं कोडं माझ्या मातीत आपोआप सुटत होतं.

मग मागची बाजू. एका बटणामागे, कडीभोवती गोल, ‘बटन्स लिमिटेड, बर्मिंगहॅम’ अशी इंग्रजी अक्षरं होती. ती कंपनी १९०७ ची, म्हणजे बटण त्याच्या आधीचं असूच शकत नाही. पुढे सिंह आणि एकशिंगी घोडा, वर गोल कमानीचा मुकुट. अशी राजचिन्हाची बटणं ब्रिटिश पायदळात १८७१ पासून आली. त्याआधी साध्या शिपायाच्या बटणावर पलटणीचा आकडा असे, आणि आकडा मिळाला की थेट पलटणच हाती लागते. राजचिन्हाचं बटण मात्र कुणाचंही असू शकतं, पलटणीचं नाव ते सांगत नाही.

खाकी सुती कोटांची पितळी बटणं शिवलेली नसत. कडी कापडाच्या छिद्रातून आत घालून मागून बारीक रिंग अडकवत, म्हणजे कपडे धोब्याकडे देताना बटणं काढता येत. रिंग सटकली की बटण गेलं. बराकींच्या आसपास इतकी बटणं का निघतात, याचं मला पटलेलं कारण हेच. शिवाय रोजच्या पॉलिशने चेहरा झिजतो. ज्याचा मुकुट गुळगुळीत झालेला असतो, ते शिस्तीच्या माणसाचं, असं मी मनाशी धरून चालतो.

एका बटणावर ‘जीआयपीआर’ अक्षरं निघाली तेव्हा मी ते लष्करी म्हणून वेगळं ठेवलं होतं. ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. तिची गाडी १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आली, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत मिसळली. कल्याणात रेल्वेचा माणूस शिपायाइतकाच गणवेशात असे. बटण त्याचं.

सर्वांत जास्त छळलं ते बिगुलाच्या बटणाने. दोरी गुंडाळलेला बिगुल ही आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची खूण, आणि याच पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बटण हातात आल्या आल्या मी बायकोला हाक मारली, “अगं, आपल्या माणसाचं आहे!” पण बिगुल ही सगळ्याच लाइट इन्फन्ट्री पलटणींची खूण. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियातून निघालेली शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, तिच्याही बिल्ल्यावर बिगुलच. आकडा नाही, नाव नाही, मागची अक्षरं गंजलेली. मी चिठ्ठीवर फक्त ‘बिगुल’ लिहिलं. ‘मराठा’ लिहायला हात शिवशिवत होता, पण नाही लिहिलं.

मी जमीन कधीही उकरलेली नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे मातीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. पाडकामाच्या राडारोड्यातून, मालकाला विचारून, एवढंच माझं क्षेत्र.

चार वर्षांपूर्वी कॅम्प चारमधल्या एका कापडदुकानात बसलो होतो. मालक सिंधी, ऐंशीच्या घरातले. डबी उघडून दाखवली तर त्यांनी बिगुलाकडे बघितलंही नाही. बर्मिंगहॅमचं साधं बटण उचललं, उलटं केलं आणि कडीवरून अंगठा फिरवला.

“बेटा, आम्ही आलो तेव्हा मी सात वर्षांचा,” ते म्हणाले. “बराकीच्या कोपऱ्यात हे पडलेले असायचे. बहीण दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. आम्ही याचेच पैसे करून दुकान-दुकान खेळायचो.”

मी त्यांना १९०७ सांगितलं, गोल कमान सांगितली, रिंगेची गंमत सांगितली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे कुठल्या बराकीतलं?”

मला माहीत नव्हतं. तिथूनच मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, “दादा, तेव्हा तीन बराकी एकदम पाडल्या होत्या, माती एकाच डंपरमध्ये.” काकांनी मान डोलावली आणि बटण परत डबीत ठेवलं. मी ते घ्या म्हणालो, तर म्हणाले, “आमच्या बराकीतलं असलं तर घेईन.”

त्यानंतर जे काही आलं, त्याच्या चिठ्ठीवर पहिली ओळ बराकीच्या नंबरची असते. मुकुट, कंपनी, वर्ष सगळं खाली. त्यांच्या बराकीचा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, आणि मावसभावालाही तो पाठ करायला लावलाय.