आठ मिनिटांचं कार्ड

जाडी लग्नपत्रिकेएवढी, अंग पांढरं आणि गुळगुळीत, त्यावर दहा गोल. नाव आरपीआर. सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये याचा मुक्काम. काम एकच: सिफिलिस, म्हणजे आपल्याकडे दबक्या आवाजात जिला 'गरमी' म्हणतात ती, रक्तात आहे का याचा सुगावा लावणं.

गोलात सीरमचा एक थेंब पडतो, त्यावर कोळशाचे बारीक कण असलेल्या अँटिजेनचा दुसरा. मग स्वारी रोटेटरवर चढते आणि मिनिटाला १०० फेऱ्यांनी ८ मिनिटं गरगरते. काळ्या गुठळ्या जमल्या तर रिअॅक्टिव्ह, सगळीकडे सारखा करडेपणा राहिला तर नॉन-रिअॅक्टिव्ह. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही, डोळे पुरतात.

स्वभाव संशयी. मलेरिया, गरोदरपण, एवढ्यावरूनही कधी कधी गुठळ्या धरून बसतं. म्हणून याचा शब्द अखेरचा मानत नाहीत, टीपीएचएसारखी दुसरी तपासणी करून खात्री करतात. उलट लागण अगदी ताजी असेल तर हेच कार्ड गप्प राहतं, मग काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. पण एक गुण वादातीत: ते चौकशा करत नाही. लग्न झालंय का, कुणाबरोबर होतास, घरी माहीत आहे का, हे सगळं माणसं विचारतात. तरुण पोरं बिचकतात ती माणसांना, सुईला नव्हे.

याच्या ओळखी बहुतेक बायकांशी. दिवस राहिले की पहिल्याच तपासण्यांत हीही असते. पुरुष मात्र अनेकदा उशिरा उगवतात: बायकोचं कार्ड रिअॅक्टिव्ह आल्यावर, मान खाली घालून. तिच्या रक्ताने त्याला लॅबची वाट दाखवायची, ही आपली रीत मला तरी लाजिरवाणी वाटते.

दोष थोडा आजाराचाही. पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. पोरगा म्हणतो, गेलं. जंतू जात नाही. काहींच्या बाबतीत तो वर्षांनी मेंदूपर्यंत, हृदयापर्यंत पोचतो; गरोदर आईकडून बाळालाही गाठतो. सुरुवातीलाच सापडला, तर बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटांचा एकच डोस पुरतो. इंजेक्शन दुखतं, हे खोटं कशाला सांगा! त्यानंतरही कार्ड पिच्छा सोडत नाही. सीरम पातळ करत करत मोजलेला, आधी १:३२ असलेला आकडा १:८ वर, किंवा त्याखाली, उतरला की उपचार लागू पडला असं धरतात.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी मोफत होते, एचआयव्हीचीही. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे. जखम भरली म्हणून थांबू नका, आणि जाताना जोडीदारालाही बरोबर न्या.