मुक्या सोबत्याचा मुक्काम

व्यापारी घरात सुट्टी येते ती दुकानाच्या सोयीने. दिवाळीची गर्दी ओसरते, लग्नसराईची मागणी पुरवून होते, मार्चअखेरचे हिशेब लेखापालांकडे रवाना होतात आणि मगच दोन दिवस मोकळे सापडतात. एके काळी हे दोन दिवस तीर्थयात्रेत किंवा नातलगांच्या घरी जात असत. आता घरातील तरुण पिढी पवना, भंडारदरा, कोलाड अशी नावे घेते. पाण्याच्या काठी तंबूत एक रात्र राहावे, शेकोटीभोवती गप्पा माराव्यात आणि सकाळी धुके पाहत चहा घ्यावा, असा त्यांचा आग्रह असतो. ज्या घरात कुत्रा पाळलेला आहे तेथे या आग्रहापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : त्याचे काय करायचे?

उत्तरे तीन आहेत. त्याला शेजाऱ्यांकडे ठेवावे, दिवसाचे पैसे मोजून प्राणी सांभाळणाऱ्यांकडे सोपवावे, किंवा सोबत न्यावे. तिसरे उत्तर मुलांना सर्वांत प्रिय असते आणि मोठ्यांवर सर्वाधिक भार टाकणारेही तेच असते. कुत्र्याला या प्रवासाबद्दल कोणी विचारलेले नसते. घरची माणसे गाडीत बसली म्हणून तो बसतो. काठावरचा धोक्याचा फलक त्याला वाचता येत नाही. धरणाचा भोंगा वाजला तर तो कशासाठी, हे त्याला कळत नाही. ज्याची संमती घेता येत नाही त्याच्या वतीने निर्णय घेणारा माणूस त्याचा विश्वस्त ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची अनामत सांभाळलेल्या घरांना या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुण्यातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी असाच एक कुत्रा आहे. पावसाळ्यात दुकानाच्या पायरीखाली आडोशाला आलेले ते गावठी पिल्लू नातीने उचलून घरी आणले आणि त्याचे नाव मोती ठेवले. आजोबांनी विरोध केला नाही, पण मर्यादा आखून दिली. मोतीने गॅलरीत राहावे, बैठकीच्या खोलीत येऊ नये. स्वयंपाकघराचा तर विचारही नको. तीन वर्षे ही मर्यादा काटेकोरपणे पाळली गेली. गेल्या हिवाळ्यात सारे कुटुंब पवनेच्या काठी मुक्कामास निघाले तेव्हा मोतीही निघाला, कारण त्याच्याशिवाय गाडीत पाय ठेवण्यास नातीने साफ नकार दिला होता.

पवना जलाशय मावळ तालुक्यात, लोणावळ्यापासून जवळ आहे. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले त्याच्या परिसरात उभे आहेत. दृश्य रमणीय असल्यामुळे काठावर तंबूंच्या रांगा लागल्या. परंतु हे पाणी सहलीसाठी अडवलेले नाही. पिंपरी-चिंचवड शहराची तहान या धरणावर भागते. काठावर सोडून दिलेली कुत्र्याची विष्ठा पहिल्या पावसात याच पाण्यात उतरते. नात कागद आणि पिशवी घेऊन मोतीमागे फिरत होती तेव्हा तंबूंच्या व्यवस्थेवरील एक मुलगा हसला. आजोबा त्याला म्हणाले, “बाळ, हे पाणी कोणाच्या तरी घरच्या माठात जाणार आहे.” त्यानंतर ती पिशवी त्यांनी स्वतःच्या हाती घेतली.

संध्याकाळी शेजारच्या तंबूसमोर कोळशाची शेगडी पेटली. तेथील तरुणांना मोती आवडला होता. त्यांच्यातील एकाने प्रेमाने कोंबडीचे हाड त्याच्यासमोर धरले. घरातील सून पुढे झाली. “दादा, तुम्ही मायेनं देताय, पण शिजवलेलं हाड फुटून त्याच्या आतड्यात टोचतं. त्याचं जेवण आम्ही आणलंय.” तरुणाने लगेच हात मागे घेतला आणि पानातील उरलेली हाडे कागदात बांधून ठेवली. आहाराविषयी कोणी कोणाला उपदेश केला नाही. तिने सांगितलेले कारण मोतीच्या जिवाचे होते आणि ते कोणालाही पटण्याजोगे होते.

कुत्र्याच्या अन्नाबाबत अशी कारणे बरीच आहेत. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. द्राक्षे व मनुका यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन त्याच्या हृदयाला अपाय करते, तर साखरविरहित गोळ्यांत वापरले जाणारे झायलिटॉल त्याच्या रक्तातील साखर एकाएकी खाली आणते. ज्या घरांत कांदा-लसूण शिजत नाही ती पहिल्या धोक्यापासून सहजच दूर असतात. परंतु त्याच घरांच्या प्रवासी डब्यांत मनुका घातलेला चिवडा, सुक्यामेव्याचे लाडू आणि मुलांची चॉकलेटे हमखास असतात. मुले लाडाने घास भरवतात. डबा उघडण्यापूर्वीच त्यांना हे सांगून ठेवलेले बरे. पाण्याची गोष्टही तशीच. घरची माणसे गाळून उकळलेले पाणी सोबत नेतात आणि कुत्र्याला तळ्यावर सोडतात. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यालाही बाधतात, आणि त्याच्याकडून माणसालाही लागण होऊ शकते. या रोगाची लस दरवर्षी टोचून घ्यावी लागते. लस टोचलेली असली तरी पिण्याचे पाणी त्याला घरच्याच भांड्यातून द्यावे.

पवनेच्या त्या मुक्कामात रात्रीची जेवणे आटोपल्यावर तंबूवाल्यांचा माणूस कंदील घेऊन आला. कुत्र्याला बाहेर बांधू नका, कधीमधी ओढ्याच्या कडेने बिबट्या खाली उतरतो, असे त्याने सांगितले. सारे गप्प झाले. मोतीचे अंथरूण आजोबांच्या सांगण्यावरून बाहेर, गाडीशेजारी घातलेले होते. त्याला गाडीत ठेवून काचा बंद केल्या तर जीव गुदमरणार. उघड्या ठेवल्या तर तो भीतीने बाहेर उडी घेणार. सुनेने सासऱ्यांकडे पाहिले, पण ती बोलली नाही. आजोबांनी स्वतःचे अंथरूण तंबूच्या एका कडेला सरकवले आणि ते नातीला म्हणाले, “आण त्याला आत. दोरी माझ्याकडे दे.” मोती तंबूच्या तोंडाशी येऊन थबकला. तीन वर्षांची शिस्त त्याच्या अंगात भिनलेली होती. आजोबांना त्याला दोनदा हाक मारावी लागली, तेव्हा तो आत आला. गावातील कुत्री रात्रभर अधूनमधून भुंकत होती. प्रत्येक वेळी मोती उठे, आणि दोरी हलली की आजोबाही उठत. पहाटे सुनेने पाहिले तेव्हा दोघेही झोपले होते आणि दोरी आजोबांच्या मनगटाला गुंडाळलेली होती.

त्या माणसाचा इशारा पोकळ नव्हता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने पाहता बिबट्याच्या भक्ष्यात माणसांच्या वस्तीतील प्राण्यांचा वाटा ८७ टक्के, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के आढळला. भंडारदरा याच अकोले तालुक्यात आहे. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या काठी हिवाळ्यात तंबू लागतात आणि पावसाच्या तोंडावर काजवे पाहणाऱ्यांची गर्दी होते. काजव्यांसाठी लोक अंधारातच फिरतात. अशा वेळी कुत्रा सोबत असणे त्याच्या जिवावर बेतू शकते. तिन्हीसांजेपूर्वी त्याला आत घ्यावे, आणि रात्रीची फेरी अटळ असेल तर विजेरी व आखूड दोरी घेऊन दोघांनी मिळून जावे.

धोका उलट दिशेनेही असतो. भंडारदऱ्याच्या परिसरातच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये दगावलेल्या काही सिंहांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता, आणि हा रोग कुत्र्यांतही पसरतो. म्हणून कुत्र्याच्या लसीची नोंदवही ही अरण्याच्याही हिताची आहे. वनखात्याच्या चौकीवर आधी विचारावे, आणि नाही म्हटले तर वाद न घालता परतावे.

नदीकाठचा स्वभाव तळ्याहून निराळा. कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग चालते ते भिरा येथील जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर. त्यामुळे आकाश निरभ्र असताना आणि पावसाचा थेंबही नसताना नदी वाढते. आदल्या संध्याकाळी ज्या उघड्या खडकांवर कुत्रा हुंगत फिरला, तेथे सकाळी फेसाळते पाणी असू शकते. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच पाणी केव्हा सुटते हे विचारून घ्यावे आणि त्या वेळी कुत्र्याला काठापासून दूर बांधावे.

सर्व कुत्री पोहण्यात सारखी नसतात. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांना साहाय्य करीत. त्याच्या बोटांमधील पडदे पाण्यात उपयोगी पडतात. शहरातील सदनिकांत लाडाने वाढवलेला पग मात्र चपट्या नाकामुळे लवकर धापा टाकतो. अशा कुत्र्याला पाठीवर मूठ असलेले तरंगते जाकीट घातल्याखेरीज पाण्याजवळ नेऊ नये. वाहत्या पाण्यात काठी फेकून ती आणायला लावण्याचा खेळ तर कोणत्याही कुत्र्याशी खेळू नये. मालकाने फेकलेली वस्तू आणणे त्याला कर्तव्य वाटते; प्रवाहाचा वेग जोखणे त्याला जमतेच असे नाही. आणि तो वाहू लागला की त्याच्यामागे घरातील मूल धावते.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण विसरल्या जातात. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पायांच्या तळव्यांना. अंगातील उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याचा हा एकमेव उपाय लवकरच निष्फळ होतो. गवतातून फिरून आल्यावर कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधाव्यात, कारण त्यांच्यापासून येणारा ताप जिवावर बेततो. काठावर मासेमारीचे गळ आणि नायलॉनची जाळी पडलेली असतात. कुत्र्याला मोकळे सोडण्यापूर्वी तेवढी जागा पायांखाली घालून यावे.

काठावर इतर माणसेही असतात, आणि त्यांनी कुत्रा पाळलेला नसतो. “आमचा काही करत नाही हो,” हे वाक्य बोलणाऱ्याला मनापासून खरे वाटते. समोर भ्यालेल्या मुलाला त्याने धीर येत नाही. गावातील बाई शेळ्या घेऊन पाण्यावर येते तेव्हा पाठलागाने बिथरलेली एक गाभण शेळी तिच्या वर्षभराच्या मिळकतीला धक्का लावू शकते. दोरी लावण्याने कुत्र्याचे सुख कमी होत नाही. मालक दोरीच्या टोकाला असला की त्याला पुरेसे सुख मिळते.

एवढी काळजी घेऊन पदरात काय पडते, असा प्रश्न हिशेबी मनाला पडणारच. कुत्रा पहाटे उठतो आणि कोणाला तरी त्याच्याबरोबर बाहेर पडावे लागते. एरवी आठवडाभर केवळ माल, उधारी आणि वसुली यांविषयी बोलणारे बापलेक त्या वेळी पाण्याच्या काठाने अर्धा तास सोबत चालतात. हातात दोरी असल्यामुळे मोबाइल खिशात राहतो. बोलणे झाले तर होते, नाही झाले तरी चालते. घरातील अशी सकाळ दुकानाच्या वेळापत्रकात कधी बसत नाही. मुक्या प्राण्याच्या गरजेपोटी ती काढावी लागते.

या चित्राला एक काळी बाजूही आहे. हौस फिटली, घर बदलले, कुत्रा म्हातारा झाला, की सहलीच्या निमित्ताने त्याला दूर नेऊन सोडून येणारी माणसे आहेत. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार प्राण्याला भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी त्या प्राण्याच्या दृष्टीने गोष्ट बदलली नसती. गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहत तो बसून राहतो, कारण आजवर गाडी गेली की परत आली, एवढाच त्याचा अनुभव असतो.

व्यापारी माल पाठवताना नग मोजतो आणि उतरवून घेताना पुन्हा मोजतो. मुक्काम हलवताना डबे, अंथरुणे आणि विजेऱ्या मोजून झाल्या की गाडीतील जीवही तसेच मोजावेत, आणि संख्या जुळल्याखेरीज गाडी सुरू करू नये.