अण्णांना स्वच्छ दिसत होतं

आमच्या घरात आईच्या डोळ्यांची चर्चा फार, अण्णांच्या डोळ्यांची मुळीच नाही. आईला मोतीबिंदू. रात्री समोरून गाडी आली की दिवे पसरलेले दिसतात, डाळीतले खडे सापडत नाहीत, हे रोजचंच. मध्यंतरी ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायला लागली, तेव्हा आम्ही कौतुक केलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग गढुळताना काहींची जवळची नजर थोडे दिवस अशी सुधारते, हुरळून जाऊ नका. पिकेपर्यंत थांबायचे दिवसही आता गेले. ऑपरेशन झालं आणि तपकिरी म्हणून बाजूला टाकलेली साडी जांभळी निघाली. "कुणी सांगितलं का नाही?" हे वर आम्हालाच.

तिच्यासोबत आलेल्या अण्णांचेही डोळे सहज तपासले. तक्ता त्यांनी घडाघडा वाचला, नजर ६/६. पण बाहुली मोठी करून मागची नस पाहिल्यावर डॉक्टरांनी फील्ड टेस्ट सांगितली. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, नजर मधल्या ठिपक्यावर. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. बटणाची टकटक मध्येच बराच वेळ थांबे. मला वाटलं, डुलकी लागली. कागदावर खालच्या बाजूला काळा पट्टा उमटला होता. काचबिंदू.

जिन्यात पायरी चाचपणं, ताटाशेजारचं भांडं लवंडणं, हे सगळं आम्ही वयाच्या खात्यात टाकलं होतं. "खाली काळं दिसतं का?" मी विचारलं. "छे, सगळं दिसतं की!" म्हणाले. एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो, उरलेली जागा मेंदू आजूबाजूचं पाहून भरून काढतो. डोळ्यातला दाब तर नॉर्मल, २१ च्या आतच होता. तरीही नस सुकते, हे मला पटायला वेळ लागला. गेलेली नजर परत येत नाही. थेंब आहेत ते उरलेली टिकवायला, रोज रात्री, कायमचे. फरक काहीच जाणवत नाही म्हणून अण्णा टाळाटाळ करतात. असं औषध घ्यायला माणूस जरा श्रद्धाळूच हवा.

भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले. माझं झालं. आत्याला फोन केला तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? अलीकडे पेपरसुद्धा बिनचष्म्याचा वाचते मी!" तिची अपॉइंटमेंट त्याच दिवशी घेऊन टाकली.