आखाड्यावरचा मुक्काम

आमच्या लहानपणी डोंगरकड्यात ‘रानात कशाला चाललास?’ असं कुणी विचारत नसे. विचारपूस व्हायची ती परतायला उशीर झाला तर. गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला तो 1999च्या महाराष्ट्र दिनाला. शाळा सुटली की दप्तर खुंटीला आणि पोरं गुरांमागं माळावर. फडक्यात भाकर आणि लसणाचा ठेचा, ओढ्याचं पाणी प्यायला पळसाच्या पानाचा द्रोण. सीताफळांनी डोळे उघडले की ती तोडून गवतात दडवायची आणि पिकायची वाट बघायची. बहुतेक वेळा ती पिकायच्या आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात गेलेली असत. पायात काटा मोडला की सुईनं काढून वर बिब्ब्याचा चटका. गुरं कुणाच्या ज्वारीत शिरली तर चटका पाठीवर. या सगळ्याला आरोग्य म्हणावं, असं कुणालाच सुचलं नाही.

रानात मुक्कामाला जायचं दुसरं कारण आजीच्या गोष्टींत असायचं. निजामाच्या राज्यात प्लेग आला की घरात उंदीर पडायचा अवकाश, अख्खं गाव दारं ओढून शेतात जाई. “समदे आखाड्यावर गेलते, गावात कुत्रं बी नव्हतं,” असं ती सांगे. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातली खोप आणि गुरांचा गोठा. तिथंच चूल, तिथंच बाळंतपणं. साथ सरली की माणसं घरं सारवून परत राहायला येत. शेतातले ते दिवस छान गेले, असं मात्र आजीच्या तोंडून कधी आलं नाही.

2020च्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि हे चक्र उलटं फिरलं. मराठवाड्यात गावोगावी रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. पुण्या-मुंबईहून जीव मुठीत घेऊन आलेली आपलीच लेकरं शाळेच्या खोलीत, नाहीतर आखाड्यावर चौदा दिवस बसवली गेली. आईनं डबा बांधावर ठेवायचा आणि दुरून बोलायचं.

सप्टेंबरात जिल्हा ओलांडायला लागणाऱ्या ई-पासची अट गेली. मग रानात दिवस घालवायला येणाऱ्या नांदेडच्या गाड्या दिसू लागल्या. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं आमचं गाव तिथून तासाभराच्या आत-बाहेर. एका कुटुंबाला मी आमच्या बांधावरच्या लिंबाखाली बसवलं होतं. बाईंनी आधी मास्क काढून गाडीच्या आरशाला अडकवला आणि बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. नवऱ्याला मोबाइलची रेंज मिळाली ती नेमकी उन्हातल्या एका ढेकळावर. तिथंच छत्री धरून त्यांनी ऑफिसची मीटिंग उरकली. जेवताना बाई म्हणाल्या, “इथं कुणी खोकत नाही हो, एवढंच बरं वाटतं.”

रानातल्या अशा बरं वाटण्याला जपानात नावही आहे. तिथल्या वनखात्यानं 1982 मध्ये ‘शिनरिन-योकू’ नावानं जंगलात सावकाश फिरण्याचा प्रचार सुरू केला. चिंग ली या डॉक्टरांनी त्याचा रोगप्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. पुढं आपल्याकडेही साथीच्याच काळात, 2021च्या मार्चमध्ये, उत्तराखंडच्या वनखात्यानं राणीखेतजवळ अशा रानभेटीसाठी केंद्र उघडलं. झाडांचा गुण असेलच, मी नाही म्हणत नाही. पण शहरातल्या माणसाला त्या वर्षी रानाकडं ओढत होतं ते त्या बाईंनी बोलून दाखवलं तेच. लिफ्टचं बटण, शेजाऱ्याची शिंक, फोनवर रोज कुणाच्या तरी जाण्याची बातमी. ज्याचा संशय घ्यावा असा माणूसच जिथं नाही, ती जागा त्यांना हवी होती. प्लेगातल्या आजीलाही तीच हवी होती. फरक इतकाच की तिला त्याचे पैसे मोजावे लागले नाहीत आणि फोटोही काढता आले नाहीत.

2021च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट भरात आली, तेव्हा झाडाखाली बसून भागलं नाही. नातेवाइकांना ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्रभर धावावं लागलं. ती भीती ओसरली आणि आमच्याकडं येणाऱ्या गाड्याही कमी झाल्या. मॉल उघडले ना!

आमचं रानही आता ते उरलेलं नाही, आणि याचा दोष शहरवाल्यांना देता येत नाही. इसापूर धरणाच्या पाण्यानं या पट्ट्यात ऊस, केळी, हळद आणली आणि घरांत पैसा आला. माझ्या पुतण्याला गुरांमागं फिरावं लागत नाही, याचा मला आनंदच आहे. पण चरायचा माळ नांगरला गेला, ओढ्याकाठचे पळस गेले, आणि केळीच्या बागेत दुपारी जाऊन बसावं असं कुणाला वाटत नाही. बांधावरची मोठी झाडं तर पिकावर सावली पडते म्हणून व्यापाऱ्याला विकली जातात. पैसे हातात पडायच्या आधीच ट्रॅक्टर भरलेला असतो.

पुण्यात, संभाजीनगरात, हैदराबादेत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. सातबाऱ्यावर तुमचंही नाव आहे. बांधावरचा लिंब विकायला काढल्याचं भावानं फोनवर सांगितलं, तर आपला हिस्सा विचारण्याआधी ‘राहू दे’ म्हणा.