खोटी फूटपट्टी

मराठीत ‘साचेबंद’ हा शब्द कौतुकाने वापरला जात नाही. ज्या लेखनात किंवा भाषणात नवे काही उरलेले नसते ते साच्यातून काढल्यासारखे वाटते; उलट ‘ओतीव’ म्हटले की घोटीव, भरीव, कुठेही सांधा न दिसणारे रूप डोळ्यांपुढे उभे राहते, आणि एखाद्याच्या मुशीतून घडलेला माणूस तर तावूनसुलाखून निघालेला समजला जातो. काही ठिकाणी साच्यालाही मूस म्हणण्याचा प्रघात असला तरी मूस हे मुळात धातू वितळवण्याचे, आच सोसणारे भांडे. तयार होणाऱ्या वस्तूच्या नाकीडोळ्यांशी तिला काही देणेघेणे नसते. ओतीव वस्तू येते ती साच्यातूनच. तेव्हा श्रेय मुशीला आणि बोल साच्याला ही भाषेने केलेली वाटणी ओतशाळेची पायरी न चढलेल्यांनी केलेली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. साचा म्हणजे भोवती मातीची किंवा वाळूची भिंत घालून राखलेली एक पोकळी. धातू तिच्यात जेमतेम काही क्षणांत उतरतो, पण त्याआधी कारागीर कित्येक तास, कधी कित्येक दिवस, त्या रिकाम्या जागेलाच आकार देत बसलेला असतो.

ही रिकामी जागा घडवण्याची सर्वांत तरल रीत मेणाची. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकात ११३० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ती बारकाईने सांगितली आहे. राजाने काय जेवावे, हत्ती कसे पारखावेत, औषधे कोणती घ्यावीत अशा नाना विषयांच्या शेजारी मूर्ती ओतण्याचा विधी यावा, यात त्या काळाच्या दृष्टीने नवल काही नव्हते. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मधाचे उष्टे, असे नाव आहे, आणि या रीतीत ते उष्टेच आधी देवाचे रूप घेते. मूर्ती प्रथम मेणात घडवायची. तिच्या पाठीवर, खांद्यावर किंवा मुकुटावर धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाच्या मेणाच्याच लांब नळ्या बसवायच्या, आणि मग त्या सगळ्याला माती लिंपायची. ही माती साधी नाही: तिच्यात जाळलेला कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती दगडावर वाटायची असते. पहिला लेप अगदी पातळ आणि नितळ, तो सावलीत वाळवायचा. दोन दिवसांनी दुसरा. तो सुकला की तिसरा, चांगला जाड. नळ्यांची तोंडे मात्र उघडी राहिली पाहिजेत. पुढे साचा तापवला की मेण वितळून निघून जाते आणि जिथे मेण होते नेमक्या तिथेच वितळलेला धातू शिरतो.

पहिल्या लेपाचे पातळ असणे हे या कृतीचे मर्म आहे. धातूला पुढे स्पर्श होणार तो केवळ या लेपाचा. मेणावर उमटलेली कर्णफुलाची पाकळी किंवा वस्त्राची चुणी त्याने जशीच्या तशी उचलली नाही, तर वरचे लेप कितीही भक्कम असले तरी उपयोग नाही. बाहेरच्या जाड थराचे काम वेगळे, धातूचा भार पेलण्याचे. कोंडा आणि कापूस आतल्या आत जळून जागोजागी सूक्ष्म छिद्रे सोडतात, आणि धातू आत शिरताना कोंडली जाणारी हवा व वाफ त्यांतून वाट काढते. ती वाट मिळाली नाही तर वायू धातूतच अडकून राहतो आणि थंड झालेल्या मूर्तीच्या गालावर देवीचा व्रण उठावा तसा खळगा दिसतो. विमानाच्या इंजिनातील पाती ओतणारे आजचे कारखानेही मेणाचा नमुना आधी अत्यंत बारीक कणांच्या दुर्गलनीय लेपात, म्हणजे भट्टीच्या उष्णतेतही न वितळणाऱ्या भुकटीच्या दाट घोळात बुडवतात आणि मग त्यावर क्रमाने जाडीभरड्या कणांचे थर चढवतात. मेण मात्र ते सावकाश तापवत नाहीत, कारण वितळण्याआधी ते फुगते आणि ताठ कवच फोडते. म्हणून वाफेच्या दाबाखाली एकदम उष्णता दिली जाते, जेणेकरून मेणाचा पृष्ठभाग आधी पातळ होऊन वाहू लागावा आणि आतल्या मेणाला फुगायला जागा मिळावी.

मात्र मानसोल्लासातील सर्वांत विलोभनीय भाग मातीचा नसून तराजूचा आहे. माती लिंपण्यापूर्वी मेण तोलून ठेवावे, असे ग्रंथ सांगतो. पितळ किंवा तांबे वापरायचे तर ते त्या मेणाच्या ८ पट, पाठभेदाने १० पट घ्यावे, रुपे १२ पट आणि सोने १६ पट. जी वस्तू लवकरच वितळून नाहीशी होणार तिचे वजन हाच पुढच्या धातूचा हिशेब ठरतो. आजच्या घनतेच्या आकड्यांशी, म्हणजे सारख्याच आकारमानात किती वस्तुमान मावते या मापाशी, हे प्रमाण ताडून पाहिले तर पितळ मेणाच्या सुमारे ९ पट भरते, म्हणजे ८ आणि १० यांच्या बरोबर मध्ये. रुपे जवळपास ११ पट, त्यामुळे १२ पट घेतले तर नळ्यांपुरते थोडे उरते. सोन्यापाशी मात्र गणित अडते, कारण शुद्ध सोने मेणाच्या २० पट जड असते आणि १६ पटीत मूर्तीचा काही भाग भरायचाच राहील. १६ पटीचा मेळ बसतो तो साधारण चार भागांत तीन भाग सोने असलेल्या मिश्रणाशी; तेव्हा राजाच्या मूर्तिशाळेतही सोन्यात काही तरी मिसळले जात असावे, असा तर्क करता येतो, पण तो तर्कच.

मेणाचा साचा एकदाच उपयोगी पडतो. एकसारख्या शंभर वस्तू हव्या असतील तर वाळूकडे वळावे लागते, आणि इथे नमुना लाकडाचा असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत त्याला कोणी नमुना म्हणत नाही, सगळे ‘पॅटर्न’च म्हणतात. वरच्या आणि खालच्या अशा दोन चौकटींत वाळू ठासायची, मध्ये पॅटर्न दाबून त्याचा ठसा घ्यायचा, चौकटी अलग करून पॅटर्न अलगद उचलायचा आणि त्या पुन्हा जुळवायच्या, इतकी ही कृती ऐकायला सोपी आहे. पॅटर्न उचलताना वाळूची कड ढासळू नये म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका, एखाद्या अंशाचा उतार दिलेला असतो. वाळूत चिकणमाती आणि पाणी यांचे प्रमाण जमले की नाही याची पहिली परीक्षा मुठीत होते: मूठभर वाळू आवळून हात उघडला की तळव्यावर बोटांच्या रेषांसकट गोळा उभा राहिला पाहिजे, मधोमध मोडला तर कडा स्वच्छ तुटल्या पाहिजेत आणि तळहाताला ओल लागता कामा नये. प्रयोगशाळेतील यंत्रे हेच आकड्यांत सांगतात.

वाळू दिसते तशी निर्विकार नाही. तिच्यातील गारेच्या, म्हणजे स्फटिकमय सिलिकाच्या कणांची अंतर्रचना ५७३ अंश सेल्सिअसला बदलते आणि कण एकाएकी फुगतात. वितळलेले बीड १३०० अंशांच्याही वर असताना ओतले जाते, त्यामुळे साच्याच्या भिंतीचा आतला पापुद्रा फुगून सुटतो आणि त्याची खपली धातूत मिसळण्याची भीती असते. वाळूत मिसळलेली कोळशाची पूड किंवा लाकडाचा भुसा वेळीच जळतो आणि फुगणाऱ्या कणांना अंग चोरायला जागा देतो. मानसोल्लासातील कोंड्याची इथे पुन्हा आठवण व्हावी.

साच्याची भिंत बाहेर रेलत असताना धातू आत आकसत असतो. द्रव असताना निवताना तो आकसतो, गोठताना आकसतो (बिडाला या टप्प्यावर त्यातील ग्राफाइटच्या फुगण्याने काहीशी सूट मिळते) आणि गोठल्यावर थंड होतानाही आकसतच जातो. पहिल्या दोन तुटी भरून काढण्यासाठी साच्यावर ‘रायझर’ नावाची जादा धातूची विहीर ठेवतात. ती वस्तूच्या नंतर गोठावी इतकी जाड असावी लागते, म्हणजे वस्तूला तहान लागेल तोवर तिच्यात द्रव धातू शिल्लक राहतो. तिसरी तूट विहिरीने भरत नाही. तिच्यासाठी पॅटर्नच मोठा करावा लागतो: बिडाला मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, पितळेला १५, पोलादाला २०. आणि म्हणूनच पॅटर्न करणाऱ्या सुताराच्या हाती एक खोटी फूटपट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरहून किंचित लांब असतो, इतका किंचित की साध्या पट्टीला लावून पाहिल्याखेरीज फरक कळू नये. त्या पट्टीने कापड मोजणारा दुकानदार महिनाभरात गाळ्याला कुलूप लावील. सुतार मात्र दर मोजणीला आकडेमोड करत बसत नाही. नकाशात ५०० लिहिले असेल तर तो पट्टीवरच्या ५०० वर खूण करतो, लाकूड ५०५ मिलिमीटरचे कापले जाते आणि बीड थंड होऊन ५०० वर येऊन थांबते. लाकडी पॅटर्नवरून पुढे बिडाच्या कामासाठी ॲल्युमिनियमचा टिकाऊ पॅटर्न ओतायचा असेल, तर आधी ॲल्युमिनियम आकसणार आणि मग बीड, म्हणून लाकूड दोघांच्या वाट्याचे मिळून मोठे करावे लागते.

एवढ्यानेही माप हमखास येते असे नाही. कप्पीचे चाक ओतताना मधले भोक राखण्यासाठी साच्यात वाळूचा वेगळा गाभा, म्हणजे ‘कोअर’, बसवतात. आकसू पाहणारे बीड त्या गाभ्याला कवटाळते, आणि गाभा हटला नाही तर चाक पट्टीच्या अंदाजापेक्षा कमी आकसते किंवा चक्क तडकते. त्यामुळे गाभा असा हवा की धातू गोठेपर्यंत तो दगडासारखा ठाम राहावा आणि गोठताच भुसभुशीत व्हावा. जवसाचे तेल किंवा साखर कारखान्यातली मळी यांनी बांधून भट्टीत भाजलेली वाळू हे काम जुन्या काळापासून करत आली आहे, कारण ओतलेल्या धातूच्याच उष्णतेने हे बंधन हळूहळू जळून जाते. कोणता गाभा किती अडवील हे कोणत्याही पट्टीवर कोरलेले नसते. अनुभवी सुतार पहिला नग मोजतो, पॅटर्नवरून दोन केसांइतका रंधा फिरवतो किंवा एखाद्या कडेला पातळ पट्टी चिकटवतो, आणि दुसऱ्या नगाची वाट पाहतो.

तो नग दुसऱ्या दिवशी चौकट उलटून बाहेर निघतो तेव्हा काळा, खरखरीत, अंगावर रायझरची शिंगे मिरवणारा असतो. शिंगे तोडून पुन्हा भट्टीत जातात. फुटलेल्या साच्याची वाळू जमिनीवर अजून कोमट असते. ती चाळून, पाणी शिंपडून, फावड्याने वरखाली करून ढिगाला लावली जाते, आणि एक जण वाकून तिची मूठ भरून पाहतो.